रिकामं परत गेलेलं ताट



गेल्या रविवारी मिस्सानंतर एक मुलगी मला भेटायला घरी आली. लहानपणी ती माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गात असायची, आता नर्स आहे. पुढच्या महिन्यात ती आयर्लंडला नोकरीसाठी जाणार आहे. पेढे दिले, चहा झाला, आणि मग तिने मनातलं विचारलं.

"टीचर, तिकडे गेल्यावर आपल्या माणसांत राहू की नको? आई म्हणते, पोहोचल्या पोहोचल्या मराठी लोक शोध. मामा म्हणतो, आपल्या लोकांपासून चार हात लांब राहा. इंग्रजी सुधारणार नाही आणि तिथेही उखाळ्यापाखाळ्याच ऐकत बसशील. तुम्ही तर राहून आलात. काय करू?"

मी तिला म्हटलं, प्रार्थना करून सांगते. खरं तर उत्तर मला ठाऊक होतं, पण ते सांगायचं तर स्वतःची एक चूक सांगावी लागणार होती. ती आज तुम्हा सर्वांनाच सांगते.

आपल्या चांदनीच्या लोकांना हा प्रश्न समजायला परदेशात जायला नको. नेपा मिलमुळे इथे किती ठिकाणची माणसं आली! वृत्तपत्राचा कागद बनवणारा देशातला हा पहिला कारखाना. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. माझे वडील नगर जिल्ह्यातून इथे नोकरीला आले. बाजारात हिंदी, शाळेत हिंदी, मिस्सासुद्धा हिंदीत. संध्याकाळी मात्र आमच्या ओट्यावर चार मराठी घरं जमायची आणि वडिलांच्या चेहऱ्यावरचा दिवसाचा शीण उतरायचा. आपली भाषा कानावर पडणं हीसुद्धा भाकरीसारखी गरज आहे, हे मी त्या ओट्यावर शिकले.

लग्नानंतर २००८ साली मी पतीपाठोपाठ दुबईला गेले. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोन कुटुंबं राहायचो. तेव्हा तिथे सुट्टी शुक्रवारी असायची. सकाळी सेंट मेरीज चर्चमध्ये मिस्सा, आणि दुपारी आमच्या खोलीत मराठी मंडळी. कोणी जळगावचं, कोणी वसईचं, कोणी श्रीरामपूरचं. मी खानदेशी भरीत करायची, कोणी तांदळाच्या भाकरी आणायचं. आठवडाभर तोंडात अडकलेलं सगळं मराठीत मोकळं व्हायचं.

२०१० मध्ये वडील वारले. तिकिटाची आणि रजेची जुळवाजुळव होईपर्यंत इकडे चांदनीत दफनविधी झालासुद्धा. त्या रात्री याच बायका आल्या. कोणी काही समजावलं नाही. त्यांनी मराठीत रोझरी म्हटली, मला बळेच दोन घास भरवले, आणि एक जण रात्रभर माझ्याजवळ थांबली. त्या दिवशी आपली माणसं नसती तर माझं काय झालं असतं, हे मला सांगता येणार नाही. म्हणून मामाचं म्हणणं मला मान्य नाही.

पण आईचंही पुरतं मान्य नाही. त्याचं कारण आमच्या शेजारच्या दारात आहे.

शेजारच्या खोलीत फिलिपिन्सची एक बाई राहायची. तीही कॅथलिक, आमच्याच चर्चला, आमच्याच बसने जायची. एका शुक्रवारी ती ताट घेऊन दारात उभी राहिली. शेवयांसारखा काही पदार्थ होता, वर लिंबाची फोड. आत आमची मैफल रंगलेली. तिला आत बोलवायचं म्हणजे सगळ्यांना इंग्रजीत बोलणं आलं. मी ताट घेतलं, "थँक यू" म्हटलं आणि दार लोटलं. संध्याकाळी ताट घासून परत दिलं. रिकामं!

आपल्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण ते मी 'आपल्या' माणसांसाठी राखून ठेवलं होतं.

पुढे बसमध्ये तिच्याकडूनच कळलं. त्या दिवशी तिच्या मुलाचा वाढदिवस होता. तो सात वर्षांचा झाला होता, आणि तिने त्याला चार वर्षं पाहिलं नव्हतं. एकटीने खाववेना म्हणून ती ताट घेऊन आली होती. मी ठरवलं, पुढच्या शुक्रवारी बोलावू. मग त्याच्या पुढच्या. दोन महिन्यांनी तिची नोकरी गेली आणि ती मायदेशी परतली. बोलावणं राहिलंच.

त्यानंतर प्रेषितांच्या कृत्यांचा अठरावा अध्याय मी वेगळ्या डोळ्यांनी वाचू लागले. पौल करिंथात येतो, एकटा, अनोळखी शहरात. तिथे त्याला अक्विला आणि प्रिस्किल्ला भेटतात. क्लौद्य राजाने यहुद्यांना रोम सोडायला लावलं होतं, म्हणून ते तिथे आले होते. तेही यहुदी, धंदाही एकच, तंबू बनवण्याचा. पौल त्यांच्याच घरी राहतो, त्यांच्याबरोबर काम करतो. प्रेषितालासुद्धा परक्या गावात आपली माणसं लागली! त्यात कमीपणा नाही. पण त्या घराचं दार बंद राहिलं नाही. पौल ग्रीकांशीही बोलत राहिला. पुढे इफिसात आलेक्सांद्रियाचा अपुल्लो भेटला, तेव्हा याच जोडप्याने त्याला आपल्याकडे नेऊन प्रभूचा मार्ग नीट समजावला. आणि पौलाच्या पत्रांतून कळतं की त्यांच्या घरात मंडळी जमत असे. दोन निर्वासितांचं घर ख्रिस्तसभेचं घर झालं.

आपल्या मराठी मुलुखातलंही एक उदाहरण आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला गेल्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी मिसेस कार्पेंटर यांनी त्यांना घरात घेतलं. आनंदीबाई त्यांना 'मावशी' म्हणत. नेसायच्या लुगडं, जेवण शाकाहारी, धर्म हिंदू, आणि तरी एका परक्या ख्रिस्ती बाईला त्यांनी आपल्या भाषेतलं नातं दिलं. मग ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात त्यांना पदवी मिळाली, तेव्हा त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून समुद्र ओलांडून आल्या. दोघींचं लांबचं नातं होतं. रमाबाईंनी १८८३ मध्येच वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला होता. धर्म आता वेगळे होते, तरी आपल्या माणसाच्या आनंदाच्या दिवशी त्या हजर राहिल्या.

पुढच्याच वर्षी आनंदीबाई पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी मिसेस कार्पेंटरकडे पाठवल्या गेल्या, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. मावशी हा शब्द त्या घराने शेवटपर्यंत खरा केला. आनंदीबाईंना मावशीही हवी होती आणि रमाबाईही. एकीमुळे दुसरीची जागा कमी झाली नाही.

म्हणून त्या मुलीला मी असं सांगणार आहे. बाळ, आपली माणसं जरूर शोध. सणाला जा, आजारपणात जा, मराठीत प्रार्थना कर, मराठीत रड. जिथे नुसती दुसऱ्याच्या पगाराची आणि घरातल्या भांडणांची चर्चा चालते, तिथून मात्र लवकर ऊठ. आणि जिथे जमशील तिथे एक ताट जास्त वाढ, आपल्या भाषेच्या बाहेरच्या माणसासाठी. ते येईल तेव्हा सगळ्यांनी मोडकं-तोडकं इंग्रजी बोलावं. गंमत कमी होईल, होऊ दे. यिर्मयाने बाबेलमधल्या बंदिवानांना पत्र लिहून सांगितलं होतं की तिथेच घरं बांधा, बागा लावा, आणि त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ज्या शहरासाठी आपण प्रार्थना करतो, त्या शहरातला शेजारी आपल्याला परका कसा राहील?

आणि हे फक्त तिच्यासाठी नाही. रविवारी मिस्सा संपल्यावर आपण मराठी कुटुंबं एका बाजूला उभी राहतो, मल्याळी दुसऱ्या बाजूला, आणि पाड्यावरून चालत आलेली कोरकू कुटुंबं गेटजवळ. एकाच भाकरीत सहभागी होऊन आलेले आपण दहा मिनिटांत तीन ठिकाणी वाटले जातो. येत्या रविवारी गेटपर्यंत चालत जाऊ या. नाव विचारू, मुलांची चौकशी करू. मीही जाणार आहे. माझ्यावर एका ताटाचं देणं आहे.

प्रार्थना: हे प्रभू येशू, तू स्वतः बाळपणी इजिप्तमध्ये परदेशी होतास. आपल्या माणसांची ओढ तुला ठाऊक आहे. दूरदेशी असलेल्या आमच्या मुलाबाळांना आपली माणसं भेटू दे, आणि त्यांच्या दारात उभ्या राहिलेल्या प्रत्येकात त्यांना तू दिसू दे. आमच्या हातून कोणाचं ताट रिकामं परत जाऊ देऊ नकोस. आमेन.