कळकाच्या बेटापाशी

आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, आहुपे-तिरपाडकडे, मृगाचे चांगले पाऊस झाले की कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, बेटाखालची माती फुगते, मग चिरते. कोंब दिसण्याआधीची ही खूण. भाजीचा सर्वांत कोवळा वास्ता, म्हणजे हाच कोंब, याच वेळी खणून निघतो.

*

कोंब जेवढ्या जाडीचा वर येतो तेवढ्याच जाडीचा बांबू होतो. त्याचे खोड सागासारखे वर्षागणिक भरत नाही. सगळी पेरे कोंबातच दाटीने रचलेली असतात. पुढे फक्त कांडी लांबतात, आणि दोन-तीन महिन्यांत बांबू पुऱ्या उंचीचा होतो.

*

इतकी वाढ कशावर? कोंबाला स्वतःची पाने नसतात. एक-दोन वर्षांच्या बांबूंनी केलेले अन्न जमिनीतल्या कंदात साठते, त्यावर तो पोसला जातो. म्हणजे यंदाचा कोंब जाड की बारीक, हे बरेचसे गेल्या वर्षीच ठरलेले असते. आणि नेमके हेच तरणे बांबू कडेला, हाताशी असतात म्हणून आधी तोडले जातात. आतली जुनी गर्दी तशीच राहते. असे बेट पाहिले की जीव तुटतो.

*

उन्हाने कोंब हिरवट, राठ आणि कडू होतो. म्हणून बुडाशी पालापाचोळा नि माती चढवायची. उतारावरची भुसभुशीत जमीन उत्तम; पाणी तुंबले की कोंब सडतो. आषाढात पावसाने लांब उघडीप दिली तर वाढ अडखळते.

*

कडूपणा टॅक्सिफायलिन या द्रव्याचा. त्यातून सायनाइड सुटते, आणि ते टोकाकडे जास्त असते. कोंब बारीक चिरून, भिजवून, झाकण न ठेवता भरपूर पाण्यात उकळावा. ते पाणी ओतून द्यावे, रश्शाला थोडेही वापरू नये. मग डाळ घाला, नाहीतर वाल.

*

तोडल्यापासून कोंब बुडाकडून लाकूड होत जातो. घोडेगावच्या बाजारात घेताना बुडाला नख लावून पाहावे. रुतले तर घ्यावा. खवले घरी येईपर्यंत सोलू नयेत. त्यांवरची कूस मात्र हाताला टोचते.

*

साळिंदर आणि रानडुक्कर कोंबापाशी आपल्या आधी पोचतात. भुंग्याच्या अळीने पोखरलेल्या कोंबाचा शेंडा वाळतो.

*

पूर्वेला, जुन्नरमधल्या नारायणगावकडे, टोमॅटोचे वेल बांधायला बांबू लागतात ते ढिगांनी. पश्चिमेला कोंब भाजीत जातो. दोन्ही गरजा खऱ्या, आणि खाल्लेला कोंब बांबू होत नाही. तरी वाट आहे. हंगामाच्या शेवटी आलेले आणि बेटाच्या मध्यात दाटीत सापडलेले पुष्कळ कोंब तसेही मरतात. ते भाजीला घ्यावेत. पहिल्या जोराचे, कडेचे, जाड कोंब राखावेत. रानात जाणाऱ्या बायांना हे सांगायला नको. बाजाराची मागणी वाढली की मात्र पहिल्या कोंबावरच कोयता पडतो, भीती त्याची आहे.

*

वनहक्क कायद्याने 2006 साली बांबूला गौण वनोपजात धरले. 2017 साली जंगलाबाहेरचा बांबू भारतीय वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून निघाला. त्यामुळे भातखाचराच्या बांधावर बेट लावणे आता सोयीचे आहे. लावणाऱ्याने दिवाळीनंतर तीन वर्षांवरचे बांबू आतून काढत जावेत. पुढच्या मृगात कोंबांना जागा मिळते.