सात हजारांचा वेग आणि एक लग्न

मे-जूनची लग्नसराई ओसरली की आम्हा व्हिडिओ एडिटिंगवाल्यांचे डागडुजीचे दिवस येतात. शाहूपुरीतल्या माझ्या खोलीतला डेस्कटॉप २०१८ सालचा, हार्ड डिस्कवर चालणारा. बटण दाबून खाली टपरीवर चहा सांगून यावं, तरी विंडोज आपली गोल गोल फिरतच असायची.

राजारामपुरीतल्या ओळखीच्या दुकानदाराने एक-एक टीबीच्या दोन एनव्हीएमई एसएसडी हातात ठेवल्या. "दोन्ही लावून बघा, पटेल ती ठेवा. खोकं तेवढं फाडू नका." एका खोक्यावर सेकंदाला ७००० एमबी, दुसऱ्यावर ३५००. किंमत जवळपास सारखी. माझा जीव अर्थातच सात हजारावर.

२२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब पट्टी. ऑगस्ट २०१९ च्या पुरात अख्खं कॅबिनेट मी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर चढवलं होतं. ही शर्टाच्या खिशात मावत होती. तिला धरून ठेवणारा स्क्रू मात्र ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि तो हातातून निसटून मदरबोर्डात गेला. शेवटी मदतनीस पोराने कॅबिनेट उलटं धरून हलवलं तेव्हा टपकन पडला.

मशीन सुरू केलं तर जुन्या लग्नांची हार्ड डिस्कच दिसेना. दहा वर्षांचं काम! हातपाय गार पडले. तासाभराने मदरबोर्डचं माहितीपुस्तक उघडलं (ते आधी उघडायचं असतं, हे कोण ऐकतो), तेव्हा कळलं की एम डॉट टूच्या खाचेत ड्राइव्ह बसवली की या बोर्डाचे दोन साटा पोर्ट बंद होतात. केबल शेजारच्या पोर्टात घातली, डिस्क परत आली.

मग वेग मोजायला क्रिस्टलडिस्कमार्क चालवलं. सात हजारवालीने दिले ३४८०. माझा बोर्ड पीसीआयई ३.० चा, त्याच्या चार लेनमधून याहून फारसं जातच नाही. निम्मा वेग उंबऱ्यावरच अडला. बारीक, विखुरलेल्या फाइलींच्या चाचणीत दोन्ही ड्राइव्ह साठ एमबीच्या आसपास, आणि जुनी हार्ड डिस्क एकसुद्धा नाही. विंडोज आता झटक्यात उघडते ती याच आकड्याच्या जोरावर.

खरी चाचणी माझी मी ठरवली. ड्राइव्ह ७०० जीबी भरायची आणि मग एका साटा एसएसडीवरून एका लग्नाचं १५० जीबी फूटेज तिच्यावर टाकायचं. रिकाम्या ड्राइव्हवर कुणीही पळतं. सात हजारवाली सुरुवातीला पाचशेने गेली. सत्तरेक जीबी झाले आणि रेषा धपकन खाली आली, शंभरावर. पोरगा म्हणाला, "दादा, ह्यापेक्षा आपली जुनी डिस्क बरी हुती की!" खोटं नव्हतं. ती ड्राइव्ह क्यूएलसी, म्हणजे एका पेशीत चार बिट. मोकळ्या पेशींत आधी एकेकच बिट झपाट्याने लिहून ठेवते, म्हणजे तीनशे जीबी मोकळी जागा जेमतेम पाऊणशेची होते. ती संपली की चार-चार बिट दाटीने बसवायचे, आणि तिथे दम लागतो. दुसरी टीएलसी, पेशीत तीन बिट. ती शेवटपर्यंत पाचशेवरून हलली नाही. तीच ठेवली.

कॅमेऱ्याच्या कार्डावरून फूटेज उतरवायला मात्र आजही तेवढाच वेळ लागतो. माझा कार्ड रीडरच नव्वदच्या पुढे जात नाही.

आणि जुनी लग्नं मी हार्ड डिस्कवरच ठेवली आहेत, दोन प्रतींत. वीज न देता कपाटात वर्षानुवर्षं ठेवलेल्या एसएसडीवर माझा भरवसा नाही. परवाच एक बाई आल्या. २०१५ च्या लग्नात त्यांचे वडील बोलले होते, तेवढा तुकडा हवा होता. डिस्क जोडली, ती थोडा वेळ करकरली, मग फोल्डर उघडलं. बाई तोवर शांत बसून होत्या.