वही कुणाच्या हातात

ड्रमवाल्याचे अडीच हजार रुपये मी खाल्ले. आधी हे लिहून टाकतो. बाकीचं नंतर.

मित्रांनो, शोषणावर आपण पानंच्या पानं लिहितो. लिहिलंच पाहिजे. पण खिशात दुसऱ्याचे अडीच हजार ठेवून स्टेजवर चढायचं आणि मजुराच्या दुःखाचं गाणं म्हणायचं, हे कसं असतं ते कुणी लिहीत नाही. मी लिहितो. कारण ते मी केलंय.

मी गिटार वाजवतो. ब्लूज-रॉक. आमचा चौघांचा बँड आहे. पाठीशी कंपनी नाही, मॅनेजर नाही, बापजाद्याचा पैसा नाही. याला इंडिपेंडंट म्हणतात. स्वतंत्र! शब्द लई भारी. त्याचा रोजचा अर्थ एवढाच की अँप्लिफायर आपणच उचलायचा, लोकलच्या लगेज डब्यात आपणच कोंबायचा, आणि पैसे बुडाले तर शिव्या पण आपणच आपल्याला द्यायच्या. दिवसा मी वायरमन आहे. लोकांच्या घरातले फ्यूज बांधतो. रात्री तार छेडतो. दोन्हीकडं शॉक बसतो.

सुरुवात बेंजोपासून झाली. नायगावच्या बीडीडी चाळीत, १६० चौरस फुटांच्या खोलीत आम्ही नऊ माणसं. माझा काका गिरणीत होता आणि रात्री गायन पार्टीत गायचा. १४ एप्रिल जवळ आला की त्याचा गळा महिनाभर बसलेला. १९८२ च्या संपात गिरणी गेली ती गेलीच. मग राहिलं फक्त गाणं. बिदागी काय, तर एक हार, एक नारळ, आणि आयोजकाच्या मनात आलं तर पाकीट. मी चाळीतल्या बेंजो पार्टीत शिरलो. टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या आणि खाली तारांवर सपासप मारायचं. लग्न, हळद, मिरवणूक. हातगाडीवर भोंगा, मागं जनरेटरचा धूर. माझ्या कानाला ती खरखर तेव्हाच लागली. गोड सुराचं मला कधी काही वाटलंच नाही.

एकदा कॅसेट कंपनीचा माणूस आला. काकाची आठ गाणी घेतली. पाचशे रुपये आणि एका कागदावर सही. कागद इंग्रजीत. काकानं विचारलं, हे काय लिव्हलंय? तो म्हणाला, ते ऑफिसचं असतं. झालं. सहा डिसेंबरला दादरच्या फुटपाथवर ती कॅसेट ढिगानं विकली जाताना मी डोळ्यांनी पाहिली. काका पण पाहत होता. हसत होता. म्हणाला, "गाणं तर पोचलं ना!" त्याच्या पायात माझी जुनी चप्पल होती.

ब्लूज माझ्या हातात आला तो फाउंटनच्या फुटपाथवर. जुन्या कॅसेटी विकणाऱ्याकडं मडी वॉटर्सची एक मिळाली. शब्द कळले नाहीत. पण त्या माणसानं तार ओढून जो सूर काढला, तो मला ओळखीचा वाटला. पेटीवर तो सूर नाही. कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधोमध कुठंतरी तो बसतो. तिकडं त्याला ब्लू नोट म्हणतात. दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत राहणारा सूर. गावाच्या नकाशात नसलेल्या वस्तीसारखा.

मग मी शोधत गेलो. कळलं की मिसिसिपीत गरिबाच्या पोराचं पहिलं वाद्य म्हणजे घराच्या भिंतीला दोन खिळ्यांत ताणलेली झाडूची तार. खाली बाटली सारायची, तार छेडायची, वरून दुसरी बाटली घासत न्यायची. झाली गिटार! आपल्या तुणतुण्याची सख्खी बहीण. रचना पण साधी. बारा मापं, प्रत्येकी चार ठोके, तीन कॉर्ड. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचं. मडी वॉटर्स शेतावर ट्रॅक्टर चालवायचा. १९४३ मध्ये तो शिकागोला आला, जसे आपले बाप घाटावरून आणि कोकणातून गिरण्यांत आले. शहराच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून विजेची घेतली. त्या आवाजातून पुढं गोऱ्या पोरांचं रॉक निघालं. ब्लूज-रॉक म्हणजे बापाचं आणि पोराचं भांडण, एकाच तारेवर.

ब्लूज नुसता दुःखाचा आहे असं आपल्याकडं सांगतात. खोटं आहे. त्याच्या मुळाशी हिशेब आहे.

गुलामी १८६५ मध्ये कायद्यानं संपली. मग काळा माणूस अर्धेलीनं मालकाची जमीन कसू लागला. बियाणं, पीठ, मीठ, कापड सगळं मालकाच्या दुकानातून उधार. वही मालकाकडं. वर्षाच्या शेवटी, कापूस विकला गेल्यावर, हिशेबाला बोलवायचं. मालक वही उघडायचा आणि सांगायचा, औंदा तू थोडक्यात राहिलास बघ, अजून एवढं देणं निघतंय. वाचता येत नाही, आणि येत असलं तरी "दाखवा" म्हणायची सोय नाही. म्हणणाऱ्याचा जीव जायचा. आपल्या आज्याला सावकाराची वही माहीत होती. नाव वेगळं, शाई तीच.

शेत सुटलं, वही सुटली नाही. ती कंपन्यांच्या टेबलावर आली. आर्थर क्रडपनं १९४६ मध्ये एक गाणं रेकॉर्ड केलं. १९५४ मध्ये एल्विस प्रेस्लीनं तेच गाऊन आपली कारकीर्द सुरू केली. क्रडप मजुरी करत राहिला आणि १९७४ मध्ये वारला. हक्काच्या मानानं त्याच्या हातात काहीच पडलं नाही. विली डिक्सन मात्र भांडला. १९६२ मध्ये मडी वॉटर्सनं गायलेल्या त्याच्या गाण्यातलं लेड झेपेलिननं १९६९ मध्ये उचललं. डिक्सननं १९८५ मध्ये दावा लावला आणि १९८७ मध्ये त्यांना तडजोड करावी लागली. म्हाताऱ्यानं दुसऱ्यांचे हक्क मिळवून द्यायला संस्था काढली. शिकागोतली चेस कंपनीची जुनी इमारत पुढं त्याच संस्थेकडं आली. २१२०, साउथ मिशिगन अव्हेन्यू. पत्ता मी पाठ केलाय.

हे सगळं मला माहीत होतं. गाण्यांच्या मधे मी लोकांना सांगायचो पण. टाळ्या पडायच्या. आणि तरी मी ते केलं.

उपनगरातल्या एका बारमध्ये आमचा कार्यक्रम होता. ठरले दहा हजार. चौघांचे अडीच-अडीच. मालक म्हणाला होता, स्वतःची गाणी दोनच, बाकी लोकांना माहीत असलेली. 'स्मोक ऑन द वॉटर' दोनदा वाजवलं. मधेच माझ्या अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर जळाला. वास सुटला. तसंच निभावलं. शेवटी मालकानं पाच हजार टेकवले. गर्दी कमी होती म्हणाला. बाकीचे पुढच्या महिन्यात. बेसवाला आणि कीबोर्डवाला नोकरीवाले, ते म्हणाले आमचं राहू दे, नंतर बघू. म्हणजे त्या पाचातले अडीच ड्रमवाल्याचे. तो पोरगा दिवसा कुरियर वाटायचा. रात्री अडीचला वडाळ्याला उतरून चालत घरी जायचा. त्यानं विचारलं, "दादा, काय मिळालं?"

मी म्हणालो, "काय नाय रे. पुढच्या महिन्यात म्हणाला."

दुसऱ्या दिवशी ट्रान्सफॉर्मर आणला. मनात म्हटलं, अँप्लिफायर वाजला तर सगळेच वाजू. बँडचाच खर्च आहे. मालक लोक पण असंच म्हणत असतील. मिसिसिपीतला तो वहीवाला सुद्धा म्हणत असेल, शेत टिकलं तर तुम्ही टिकाल.

आठ दिवसांत त्याला कळलं. बारचा वेटरच त्याच्या गल्लीतला निघाला. तो प्रॅक्टिसला आला, स्टिका पिशवीत भरल्या. भांडला नाही. फक्त म्हणाला, "त्यानं अर्धे बुडवले, त्याचं काय नाय वाटत. तो धंदेवाला. पण दादा, काकाच्या सहीची गोष्ट तूच सांगतोस ना माइकवर?"

आणि गेला. पाच महिने आमचा बँड ड्रमविना. ठोका नसलेला ब्लूज म्हणजे नुसतं रडगाणं. मी रडगाणी वाजवत बसलो.

त्या पाच महिन्यांत दोन माणसं माझ्या मानेवर बसली. एक चेस्टर बर्नेट. ज्याला जग हाउलिन वुल्फ म्हणतं. सहा फुटांवर उंच, धिप्पाड, आवाज असा की दार हलावं. हा माणूस पोटापाण्याला लागल्यावर, नाव झाल्यावर, पुन्हा शाळेत बसला. लिहायवाचायला आणि हिशेब शिकायला. बायको लिलीसोबत पैशांची व्यवस्था बघायचा आणि आपल्या वाजवणाऱ्यांना वेळेवर पगार द्यायचा. वर त्यांच्या म्हातारपणाच्या आणि बेकारीच्या विम्याचे हप्ते पण भरायचा. बारमध्ये वाजवणाऱ्या माणसांसाठी! त्या काळात हे कुणी करत नव्हतं. दुसरे आपले वामनदादा कर्डक. तेही मोठेपणीच अक्षरं शिकले आणि मग हजारो गाणी लिहिली. दोघांनाही कुणीतरी अक्षरापासून लांब ठेवलं होतं. दोघांनी अक्षर ओढून घेतलं. एकानं त्याचं गाणं केलं, दुसऱ्यानं हिशेब केला. माझ्याकडं तर दोन्ही फुकटात आलं होतं. आईबापानं शाळेत घातलं होतं. आणि मी अक्षर कशाला वापरलं? अडीच हजार लपवायला.

शंभर पानी वही घेतली. पहिल्या पानावर लिहिलं : ड्रमवाला, रु. २५००, देणे. वायरिंगच्या दोन कामांचे पैसे घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याची आई म्हणाली, बसा, चहा घ्या. मी पैसे आणि वही दोन्ही त्याच्या हातात दिलं. त्यानं पैसे मोजले. मला ते बरं वाटलं. न मोजता खिशात घातले असते तर ती माफी झाली असती, आणि माफी मला नको होती. मग त्यानं वही चाळली. म्हणाला, "ही माझ्याकडं राहणार असंल तर येतो."

तेव्हापासून वही ड्रमवाल्याकडं आहे. मिळाले किती, टेम्पो किती, जॅम रूमचं भाडं किती, तारा किती, सगळं त्या रात्रीच सगळ्यांसमोर लिहायचं. अँप्लिफायर माझा, तर दुरुस्ती माझी. महिन्याला कार्यक्रम दोन, कधी एक, पावसाळ्यात कधी शून्य. शून्य पण लिहायचं.

लोक विचारतात, मग मिळतं काय यातनं? २०११ च्या फेब्रुवारीत बडी गाय वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत आला होता. पैसे साठवून गेलो. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. तरुणपणी दिवसा गाड्या ओढून नेणारा ट्रक चालवायचा, रात्री वाजवायचा. त्याला पाहून पोटातली एक लाज गेली. फ्यूज बांधणारा हात गिटारीला चालतो. हे एक मिळालं.

दुसरं मिळालं ते आमच्याच चाळीच्या पटांगणात. मराठीत लिहिलेला ब्लूज पहिल्यांदाच वाजवला. ओळी माझ्याच :

हंड्याला माझ्या भोक पडलं, रांग लांबच लांब
हो, हंड्याला माझ्या भोक पडलं, रांग लांबच लांब
नळ गेला, लोक गेले, हंडा म्हणतो थांब

दुसऱ्या वेळी ओळ मी म्हणायच्या आधीच बायकांनी म्हटली. कुणी शिकवलं नव्हतं. ओळ परतून येणार हे त्यांना ठाऊकच होतं. मग मी तार ओढली, त्या फटीतल्या सुरावर थांबलो. माझी चुलती पुढं खुर्चीत बसली होती. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. कार्यक्रम संपल्यावर माझा हात धरून म्हणाली, "आरं, ह्यो सूर तुज्या काकाच्या गळ्यात व्हता. पेटीवाला त्येला म्हनायचा, बेसूर गातोस."

बेसूर नव्हता. पट्टीत नव्हता एवढंच.

आता कॅसेट गेली, फोन आला. वही तिथंही आहे, फक्त दिसत नाही. गाणी ऐकवणाऱ्या एका मोठ्या परदेशी कंपनीनं २०२४ पासून ठरवलं, बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचा पैसा नाही. आमचं हंड्याचं गाणं त्या हजारात बसत नाही. बसेल तेव्हा बसेल. पण तुम्ही जे पोरं आज रॅप करताय, शाहिरी करताय, त्यांनी एवढं तरी करा. २०१२ मध्ये कॉपीराइटचा कायदा बदलला. गाणं लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा रॉयल्टीतला वाटा आता सहीनं काढून घेता येत नाही. वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून तो कुणाला देताच येत नाही. आयपीआरएस ही सोसायटी १९६९ पासून आहे. नाव नोंदवा. कागद इंग्रजीत असेल तर वाचून घ्या, वाचून दाखवायला लावा. लाज वाटून घेऊ नका. माझ्या काकाला लाज वाटली म्हणून आठ गाणी गेली.

आणि दुसऱ्याची वही मागताना आपली वही कुणाकडं आहे ते बघा. आमची ड्रमवाल्याकडं आहे. परवाच्या कार्यक्रमाचे चार हजार मिळाले. टेम्पोचे आठशे गेले. उरलेल्याचे चार वाटे. त्यानं लिहिलं, मी सही केली. आधी वाचली, मग सही केली.