माप बदलले, म्हणून काय बिघडले?

पुतणीच्या लग्नाचा अल्बम घरी आला तेव्हा सारे घर त्याच्याभोवती गोळा झाले. हळद, सीमांतपूजन, सप्तपदी, विहिणींची पंगत... एकेक पान उलटत गेले. शेवटचे पान मिटता मिटता कॉलेजात जाणाऱ्या मुलीने विचारले, "अगं आई, यात तू कुठेच कशी नाहीस?"

आईने हसून वेळ मारून नेली. "मी कोठीघर सांभाळत होते ना! तिथे कुणीतरी हवेच."

उत्तर खोटे नव्हते, पण पुरेही नव्हते. नाशिकच्या एका शाळेत शिकवणाऱ्या या बाईंचे वय ४७. कोठीघराची जबाबदारी त्यांच्यावर कोणी टाकली नव्हती, त्यांनी ती मागून घेतली होती. लग्नाला आठ दिवस असताना त्यांनी कपाटातली पैठणी काढली, पण तिच्यावरचा ब्लाउज दंडातच अडकला. हूक लावण्याची गोष्ट तर दूरच राहिली. मग त्यांनी एक करड्या रंगाची साडी निवडली, पदर अंगभर लपेटला आणि दोन दिवस नारळ-सुपाऱ्या मोजण्यात काढले. फोटोग्राफर फिरकला की त्या आतल्या खोलीत जात.

ही एकाच घरातली गोष्ट नाही. चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी स्त्रियांच्या कपाटात एक कप्पा असा असतो, ज्यातले कपडे 'बारीक झाल्यावर' घालायचे असतात. ते टाकवत नाहीत आणि अंगातही शिरत नाहीत. कपाट उघडले की रोज सकाळी तेच कपडे समोर येतात आणि काही न बोलता टोचून जातात. हळूहळू ती स्त्री समारंभ टाळू लागते, आरशासमोरून भरभर निघून जाते, घरातल्या प्रत्येक फोटोत कॅमेरा धरायला स्वतःच पुढे होते.

बदलाला कारण आहे

'खाण्यावर ताबा नाही म्हणून सुटली' असे म्हणून लोक मोकळे होतात. पुष्कळदा ती स्त्रीही मनातून तेच मानते. पण या वयात शरीरात जे घडते ते केवळ जिभेचे लाड पुरवल्यामुळे घडत नाही. बहुतेक स्त्रियांची पाळी ४५ ते ५५ या वयात थांबते. त्याच्या काही वर्षे आधीपासून शरीरातील इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण वरखाली होत कमी होऊ लागते. तरुणपणी जी चरबी कंबरेखाली आणि मांड्यांवर साठत असे, ती आता पोटावर साठू लागते. वयाबरोबर स्नायूही घटतात. म्हणूनच वजनाचा काटा फारसा हलला नसला तरी जुना ब्लाउज होत नाही आणि कुर्ता पोटावर अडतो. शरीराचा आकारच बदललेला असतो.

याचा अर्थ तब्येतीकडे दुर्लक्ष करावे असा मुळीच नाही. पोटावरची चरबी मधुमेह आणि हृदयविकार यांना आमंत्रण देते. आपल्याकडील स्त्रियांच्या कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे सुमारे साडेएकतीस इंचांपेक्षा जास्त असेल तर डॉक्टर सावध राहायला सांगतात. चालणे, थोडा व्यायाम आणि मोजके खाणे हवेच. पण ते आरोग्यासाठी. सहा महिन्यांनी बारीक होऊ, तेव्हा चांगले कपडे घालू, असे म्हणत आजचा दिवस ढगळ गाऊनमध्ये ढकलला, तर त्यात व्यायामही होत नाही आणि आनंदही मिळत नाही. ज्या बाईला स्वतःकडे पाहवत नाही, ती सकाळी फिरायला तरी कशी बाहेर पडणार?

बारा वर्षांचा 'मापाचा ब्लाउज'

त्या शिक्षिकेच्या बाबतीत पुढचा प्रसंग लवकरच आला. नणंदेच्या मुलीचे लग्न ठरले. आता कोठीघरात लपण्याची सोय नव्हती, कारण नवरीला बोहल्याकडे घेऊन यायचे ते मामा-मामींनी. मामी दिसली नाही तर साऱ्या मांडवाने विचारले असते.

त्यांनी आधी तयार कपड्यांच्या दुकानात जाऊन पाहिले. तिथे एका कंपनीचा 'एल' अंगात आला, तर दुसरीचा 'डबल एक्सएल'ही खांद्यावर घट्ट झाला. दोष आपल्याच शरीरात आहे असे समजून त्या परतल्या. वास्तविक भारतीय शरीरांसाठी मापांचा एकच प्रमाणित तक्ता नसल्याने हा घोळ होतो. म्हणूनच नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी या संस्थेने देशातील सहा शहरांत २५,००० हून अधिक स्त्री-पुरुषांची मापे घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्याची घोषणा २०१८ साली झाली होती. तेव्हा कपडा झाला नाही की लगेच स्वतःला बोल लावू नये. चुकीचे माप कपड्याचेही असू शकते.

शेवटी त्या पैठणीच्या काठाला जुळणारे रेशमी कापड घेऊन गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे गेल्या. सवयीप्रमाणे पिशवीतून मापाचा ब्लाउज काढून पुढे केला आणि म्हणाल्या, "याच्यापेक्षा थोडा सैल शिवा."

शिवणाऱ्या बाईंनी ब्लाउज उलटा करून पाहिला. दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून उसवून आतली माया संपली होती. "ताई, हा कधीचा?" त्यांनी विचारले.

हिशेब केला तर बारा वर्षे झाली होती. बारा वर्षांत त्यांच्या अंगाला टेप लागलीच नव्हती. प्रत्येक नवा ब्लाउज त्या जुन्या ब्लाउजावरून बेतला जायचा आणि 'थोडा सैल' होऊन यायचा. त्यामुळे तो छातीवर घट्ट, खांद्यावरून उतरणारा आणि काखेत काचणारा व्हायचा. शरीर सगळीकडून सारखेच वाढत नाही. दंड भरतात, पाठ रुंदावते, छाती थोडी खाली उतरते, खांदा मात्र तेवढाच राहतो. अशा वेळी नुसत्या बाजूच्या शिवणी सोडून भागत नाही. मुंढा, बाहीचा घेर, छाती आणि गळ्याची खोली ही सगळी मापे नव्याने घ्यावी लागतात.

"टेपनेच माप घेते," शिवणाऱ्या बाई म्हणाल्या आणि उठल्या. टेप पोटाशी येताच शिक्षिकेने नकळत श्वास आत ओढला.

"पोट आत घेऊ नका ताई. लग्नात चार तास श्वास धरून बसणार आहात का?"

दोघीही हसल्या. बारा वर्षांत प्रथमच खरे माप वहीत उतरले.

नाडीचा वळ

माप घेताना शिवणाऱ्या बाईंना आणखी एक गोष्ट दिसली. कंबरेभोवती नाडीचा काळा वळ होता आणि एका बाजूची कातडी जाड होऊन सोलवटली होती. "हे डॉक्टरांना दाखवलेत का?" त्यांनी विचारले.

दाखवले नव्हते. दीड वर्षापासून खाज येत होती, मधून मधून चिघळतही होते. पण डॉक्टरांना कंबर दाखवायची म्हणजे पोट उघडे करायचे. त्या संकोचापायी त्या घरच्या घरी खोबरेल तेल लावत राहिल्या होत्या आणि पोट दिसू नये म्हणून नाडी मात्र अधिकच आवळत होत्या.

शरीराची लाज किती महागात पडू शकते ते इथे कळते. रोज साडी नेसणाऱ्या पुष्कळ स्त्रियांच्या कंबरेवर असा वळ असतो आणि बहुतेकींच्या बाबतीत तो तेवढ्यावरच थांबतो. परंतु वर्षानुवर्षे त्याच जागी घर्षण होऊन जखम झाली आणि ती भरलीच नाही, तर क्वचित तिथे त्वचेचा कर्करोगही होऊ शकतो. वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी अशा दोन वयस्क स्त्रियांची नोंद २०२४ मध्ये 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. घाबरून जाण्याचे कारण नाही, पण कंबरेवरची न भरणारी जखम लपवूनही ठेवू नये. छातीतली गाठ किंवा अवेळी होणारा रक्तस्राव याबाबतही हेच लागू आहे. तीस वर्षांपुढील स्त्रियांची स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी करण्याची सोय सरकारी आरोग्य कार्यक्रमात आहे. तिचा लाभ घ्यायचा तर आधी आपल्या शरीराकडे स्वतः पाहण्याची आणि ते डॉक्टरांना दाखवण्याची तयारी हवी.

शिक्षिका त्वचेच्या डॉक्टरांकडे गेल्या. सुदैवाने गंभीर काही नव्हते. डॉक्टरांनी मलम दिले आणि नाडी बदलायला सांगितली. आता त्यांच्या परकराला दोरीसारख्या नाडीऐवजी चार बोटे रुंद पट्टी आहे. ती त्या सैल बांधतात आणि रोज गाठीची जागा बदलतात. घरी आल्यावर साडी सोडून सैल कपडे घालतात. काही महिन्यांत खाज थांबली आणि कातडी मऊ झाली.

शोभते ते कशाने?

'या वयात असे रंग शोभतात का?' हा प्रश्न आपल्याकडे फार लवकर विचारला जातो. चाळिशी आली की फिकट रंग, अंगभर पदर आणि ढगळ कपडे यांची जणू सक्तीच होते. पण ढगळ कपड्याने शरीर झाकले जात नाही, उलट ते आहे त्याहून मोठे दिसते. खांद्याची शिवण बरोबर खांद्यावर बसली, बाही दंडाला न काचता टेकली आणि कुर्त्याचा घेर पोटावरून सरळ खाली आला की माणूस नीटनेटका दिसतो. कडक खळ दिलेली साडी फुगून राहते, त्याऐवजी मऊ सुती किंवा चंदेरीसारखी हलकी साडी अंगाबरोबर राहते. अचानक अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे होणाऱ्या स्त्रियांना सुती कपडे जास्त सोसतात. रंग मात्र जो आवडतो तो घालावा.

आतल्या कपड्यांकडे तर सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. मुलांच्या फीचा आणि घराच्या हप्त्याचा हिशेब करताना ब्रासारखी न दिसणारी खरेदी नेहमी मागे पडते. तीही जुन्याच मापाने होते. छातीचा भार खांद्यावरच्या पट्ट्यांनी नव्हे, तर छातीखालच्या रुंद पट्टीने पेलायचा असतो. खांद्यात खोल वळ उमटत असतील तर बहुधा माप चुकलेले आहे, ते पुन्हा घ्यावे. हे माप बरोबर असेल तर साधा ब्लाउजही नीट बसतो.

आणि साडीच नेसली पाहिजे असे तरी कुठे आहे? आजीची नऊवारी आईच्या काळात पाचवारी झाली, लेकींनी पंजाबी ड्रेस घातला. प्रत्येक वेळी कोणीतरी नाक मुरडलेच. ज्यात चालता-बसता येते, बसची पायरी चढता येते आणि दर पाच मिनिटांनी पदर ओढावा लागत नाही, तो पोशाख आपला.

भाचीच्या लग्नात या शिक्षिका पैठणी नेसल्या. मांडवात शिरताच नणंदबाईंनी हात धरून म्हटले, "अगं, किती सुटलीस!"

एरवी हे ऐकून त्यांचा चेहरा पडला असता. या वेळी त्या म्हणाल्या, "हो वन्सं, माप बदललंय. म्हणून ब्लाउज नवा शिवलाय. कसा वाटतो?"

नणंदबाईंनी बाहीचा काठ निरखून पाहिला आणि शिवणाऱ्या बाईंचा पत्ता विचारला. त्यांचाही ब्लाउज काखेत काचत होता.

मुहूर्ताची वेळ झाली तेव्हा मामा-मामी भाचीला दोन्ही बाजूंनी धरून बोहल्याकडे निघाले. फोटोग्राफर समोर आला, पण मामी या वेळी बाजूला झाल्या नाहीत. त्या अल्बममध्ये त्यांचे पोट दिसते, दंडही दिसतात. भाचीकडे पाहताना डोळ्यांत आलेले पाणीही दिसते. पुतणीच्या लग्नातही ते आले असेल, पण ते पाहायला कोठीघरात कोणी नव्हते.

तुमच्याही पिशवीत असा एखादा मापाचा ब्लाउज असेल. पुढच्या वेळी शिवायला जाताना तो घरीच ठेवा. टेपने माप घ्यायला सांगा, आणि हो, श्वास धरून ठेवू नका.