कानस आणि कान

घरांतील एखादें मूल वाद्य शिकूं लागलें आणि तें बेसूर वाजलें, म्हणजे दोष मुलाच्या माथीं मारावयाचा, ही आपली जुनी रीत आहे. वाद्याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. सारें आयुष्य अध्यापनांत गेल्यामुळें हा विषय मला केवळ संगीतापुरता वाटत नाहीं. म्हणून तो वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

माझा नातू दोन वर्षांपासून नायलॉनच्या तारांची गिटार वाजवितो. मोकळ्या तारा अचूक जुळवाव्या, आणि वरच्या पडद्यांवर जातांच तिसरी तार चढी बोलावी, असा प्रकार होता. "याला सुराचा कानच नाहीं," असा निकाल घरांत लागून चुकला होता, आणि तोहि गिटार विकण्याच्या गोष्टी बोलूं लागला होता. परंतु आपला स्वर चढा लागतो म्हणून जो मुलगा कष्टी होतो, त्याला कान नाहीं असें म्हणणें तर्काला सोडून आहे.

भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत श्रुति दाखवितांना दोन सारख्या वीणा घेतल्या. एक स्थिर ठेविली आणि दुसरी उतरविली. स्थिर प्रमाणावांचून परीक्षा नाहीं, हेंच त्याचें मर्म. आम्हीहि तसेंच केलें. प्रथम नव्या तारा चढविल्या, कारण झिजलेली तार खरें बोलत नाहीं. या गिटारीच्या तारेची लांबी 650 मिलिमीटर. बारावा पडदा 325 वर, म्हणजे बरोबर निम्म्यावर. तेथें बोट नुसतें टेकवून छेडल्यास वरचा षड्ज निघतो; तें आमचें प्रमाण. मग त्याच पडद्यावर तार दाबून स्वर काढला. तिसरी तार 5 सेंटनीं चढी निघाली. अर्ध्या स्वराचे 100 भाग केले असतां एका भागास सेंट म्हणतात. मोबाइलवरील सुरमापक ते दाखवितो.

कारण उघड आहे. दाबलेली तार ताणली जाते आणि ताण वाढला कीं स्वर चढतो. बिनगुंडाळीच्या तीन तारांत तिसरी सर्वांत जाड व ताठर, म्हणून तिचा अपराध मोठा. उपाय असा, कीं घोडीच्या बाजूनें तिची लांबी किंचित् वाढवावयाची. तार 1 मिलिमीटर मागें टेकली, तर बाराव्या पडद्याचा स्वर मोकळ्या तारेच्या मानानें सुमारें 2.7 सेंट उतरतो. आम्हांस जवळजवळ 2 मिलिमीटर हवे होते.

घोडीच्या खाचेंत हाडाची सुमारें 3 मिलिमीटर जाड पट्टी असते; तिला सॅडल म्हणतात. तार तिच्या पुढच्या कडेवर टेकत होती.

"आजोबा, कानस लावली आणि बिघडलें तर?" नातवानें विचारलें.

"म्हणूनच जुनी पट्टी जपून ठेव, बाळ, आणि नवीवर हात चालव."

नव्या पट्टीचा माथा तिसऱ्या तारेखालीं पुढच्या अंगानें घासून तार मागच्या कडेवर टेकविली. उंची व सपाट बूड यांना धक्का लावला नाहीं. थोडें घासावें, तार चढवावी, ऐकावें, पुन्हा उतरवावी. यांत दोन दुपारी गेल्या. तंबोऱ्याची जवारी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हें नवें वाटणार नाहीं. तेथें नाद खुलवावयाचा असतो, येथें स्वरस्थान सुधारावयाचें. पण घासलेलें परत येत नाहीं, हा नियम दोहोंकडे सारखाच.

सर्व दोष यानें जात नाहींत. केवळ पहिल्या पडद्यांवर स्वर चढत असेल, तर डोक्याकडील पट्टीच्या खांचा उंच असूं शकतात. शिवाय गिटारीचे पडदे सप्तकाचे 12 समान भाग करून बसविलेले असल्यामुळें तिचा गांधार स्वयंभू गांधाराहून सुमारें 14 सेंट चढाच राहतो. त्याला कोणतीहि कानस पुरी पडणार नाहीं.

नातू अजूनहि चुकतो. परंतु आतांच्या चुका त्याच्या स्वतःच्या असतात आणि त्या सुधारण्याची उमेद त्याला आहे. मुलानें आपल्या चुकीबद्दल बोल ऐकावे, हें योग्यच. पण हाडाच्या पट्टीची चूक त्याच्या पदरीं बांधली, तर त्याचा हात नव्हे, मन बेसूर होतें. आणि तें कानशीनें सुधारत नाहीं.