संसर्गाची दिशा

पेणहून रोह्याला जाताना नागोठण्याच्या अलीकडे थांबून माकडांच्या हातात केळी देणे, हा आमच्या घरचा रिवाज. ‘माकडापासून माणसाला रोग होतो’ एवढीच भीती मनात असे. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने वानरवर्गीयांवरही लक्ष ठेवून संशयित प्राण्यांचे नमुने तपासण्यास सांगितले. जानेवारी २०२१ मध्ये सॅन दिएगोच्या सफारी पार्कमधील गोरिला खोकू लागले. विष्ठेच्या तपासणीत करोना आढळला. संशय लक्षणे नसलेल्या कर्मचाऱ्यावर होता. माझ्या वाक्यातल्या दोन्ही विभक्ती उलटल्या. पिंजऱ्यातल्या जिवाला अंतर राखता येत नाही. ते माणसानेच राखायचे. रानातल्या माकडाची तर तपासणीही सहसा होत नाही. आता रोह्याला जाताना मी गाडी थांबवत नाही.