भोंगा, जॉबर आणि आजोबांचा पंप

'मराठी विभागासाठी लिही' म्हटल्यावर पहिली भीती वाटली ती ऱ्हस्व-दीर्घाची. शाळा कॉन्व्हेंटची, तेव्हा मित्रांनो, चुका पोटात घाला!

बायोमेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला मी सेमिनारला टॉपिक घेतला होता : पेशीतलं कॅल्शियम आणि सायक्लिक एएमपी. सेमिनार झकास झाला. शनिवारी हॉस्टेलवरून लालबागला घरी गेले, तर आजोबा धापा टाकत खाटेवर बसलेले. दम्याचा पंप आठ दिवस बंद. का? तर "सवय लागते." आई-बाबांचं ते ऐकत नाहीत. म्हटलं आपण समजावू, आणि तोंडातून एक धड मराठी वाक्य निघेना!

शेवटी चिठ्ठीपासून सुरुवात केली. श्वासनळीच्या स्नायूला 'सैल हो' सांगणारी चिठ्ठी म्हणजे सायक्लिक एएमपी. ती फाडणारी एन्झाइम्स म्हणजे फॉस्फोडायएस्टरेज, थोडक्यात पीडीई. त्यांची 11 घराणी. त्यातलं पहिलं, पीडीई-1, कॅल्शियमच्या इशाऱ्यावर चालतं. एरवी पेशीच्या आत कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पट कमी असतं. इशारा आला की ते एकदम वाढतं...

"म्हणजे भोंगा," आजोबा म्हणाले.

मी गप्पच.

"पण बाय, नुसत्या भोंग्याने साचा चालत नाही. जॉबर लागतो."

जॉबर आहे ना! कॅल्मोड्युलिन त्याचं नाव. कॅल्शियमचे चार आयन त्याला चिकटले की तो उठतो आणि पीडीई-1 ला कामाला लावतो. तोच दुसऱ्या खात्यात जाऊन स्नायू आवळायलाही लावतो. म्हणजे एकाच भोंग्यावर स्नायू आवळायचा आणि वर सैल होण्याची चिठ्ठीही फाडायची. शोधाची गंमत तर आणखीच. च्युंग नावाचे शास्त्रज्ञ मेंदूतून हे एन्झाइम शुद्ध करत होते. जितकं शुद्ध करावं तितकं ते सुस्त! कारण गाळता गाळता जॉबरच बाहेर पडला होता. हे 1970 साली कळलं, आणि त्याच साली जपानमध्ये काकिउचींनाही तो सापडला.

"त्याच साली मी बदलीवर लागलो," आजोबा म्हणाले. बारा वर्षं साचेखात्यात तूस छातीत गेलं. मग 18 जानेवारी 1982 चा संप, आणि गिरणी सुटली ती कायमचीच. ते बराच वेळ त्यावरच बोलत राहिले. मध्ये दोनदा थांबून श्वास घेतला.

मग मी पंपावर आले. खरं तर श्वासनळीत जास्त फाडाफाड करतात ती पीडीई-3 आणि पीडीई-4 ही भावंडं. थिओफिलिनची जुनी गोळी या सगळ्यांचाच हात थोडा थोडा धरते. पंपातलं औषध मात्र नव्या चिठ्ठ्या लिहायला लावतं. "चिठ्ठ्या रोज फाटणार आजोबा, मग रोज लिहायला नकोत?"

ते काही बोलले नाहीत. रविवारी रात्री मी बॅग भरत होते, तेव्हा आतल्या खोलीतून हाक आली, "बाय, माझी चिठ्ठी कुठे ठेवलीस गो?"